डोणगावचं सुतक

कचेरीच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर जो कागद लावला होता, त्याच्यावर एकच नाव होतं. शालिग्राम गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मग कागदाचं खालचं टोक बोटाने जरासं उचलून, मागे दुसरा कागद आहे का ते पाहिलं. मागे नुसती फळी होती आणि जुन्या टाचण्यांची भोकं. ‘फाडू नका जी गुरुजी,’ स्टुलावर बसलेला शिपाई म्हणाला, ‘तेवढाच हाये.’ गुरुजींनी दचकून हात मागे घेतला. ठेकेदाराने अर्धवट टाकलेली घरं पुरी करून देण्यासाठी सरकारने मदत जाहीर केली होती, जळगाव जामोदच्या नव्या वसाहतीतून पंधरा अर्ज गेले होते, आणि पंधराही अर्ज गुरुजींनीच लिहिले होते. पात्र अर्जदार म्हणून त्यांचं एकट्याचं नाव होतं. खाली बारीक टाइपात लिहिलं होतं, की उरलेल्या चौदा अर्जदारांनी आपापल्या घराचा ताबा समाधानपूर्वक घेतल्याच्या पावत्या ठेकेदाराच्या दप्तरात सापडल्या आहेत, सबब त्यांना मदत देता येत नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी. ‘समाधानपूर्वक’ या शब्दावर गुरुजींची नजर अडकली. तो शब्द त्यांचा होता. सरकारी टंकलेखकाने तो जसाच्या तसा उचलला होता. 

घरी जायच्या रस्त्याने न जाता ते बाजाराच्या मागून वळले. उन्हं चढली होती. सातपुड्याची रांग धुरकट, निळसर, उन्हाने पुसून टाकल्यासारखी दिसत होती. समाधानपूर्वक. ठेकेदाराने आणलेल्या कच्च्या मसुद्यात हा शब्द नव्हता. ‘घराचा ताबा मिळाला, काही तक्रार नाही,’ एवढंच त्याने पेन्सिलीने खरडलं होतं, आणि गुरुजींना ते वाक्य उघडं वाटलं होतं. अंगात सदरा नसलेल्या माणसासारखं. अठ्ठावीस वर्षं पोरांच्या निबंधातली उघडी वाक्यं झाकायची सवय. त्यांनी विचारलंदेखील होतं, ‘भगवंतराव, इथे समाधानपूर्वक घातलं तर चालेल का? वाचायला जरा बरं वाटेल.’ आणि भगवंतराव ठेकेदार हसून म्हणाला होता, ‘घाला न गुरुजी. शब्द तुमचे, विटा आमच्या.’ तेव्हा गुरुजींनाही हसू आलं होतं. आपल्या एका शब्दाची कुणाला तरी कदर आहे, याचं थोडं सुखही झालं होतं. ते सुख आता त्यांना नेमकं आठवलं, दातात अडकलेल्या तुसासारखं, आणि ते रस्त्यात उभे राहिले. मागून आलेल्या बैलगाडीवाल्याला ‘हो बाजूले, बाबा’ असं दोनदा म्हणावं लागलं.

ती आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवसाची गोष्ट. आसलगावच्या रस्त्याला पंधरा घरांची ओळ उभी राहिली होती. म्हणजे भिंती उभ्या राहिल्या होत्या, दाराच्या उंचीपर्यंत. वर छप्पर नव्हतं. दारांच्या जागी भोकं होती. पण आखजीचा मुहूर्त हा साडेतीन मुहूर्तांतला, त्याला पंचांग पाहावं लागत नाही, आणि तो गेला तर पुढे चातुर्मास लागेपर्यंत कोणाच्या राशीला जुळेल, कोणाच्या नाही. वास्तू एकदा नावावर घेऊन ठेवावी, घर मागून होत राहतं, हे सगळ्यांनाच पटत होतं. लग्नाआधी नाही का साखरपुडा करून ठेवत? उघड्या भिंतींच्या आत चूल मांडायची, पूर्वेला तोंड करून दूध उतू घालायचं, कलश ठेवायचा, की वास्तू आपली. बाप-आजे असंच करत आले होते. भगवंतरावला ही रीत माहीत होती. त्याने पंधरा नवीन किल्ल्या आणल्या होत्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधलेला. दारं नव्हती, कुलपं नव्हती, पण किल्ल्या होत्या. मुहूर्ताला घरधनिणीच्या ओटीत किल्ली घालायची, आणि तिच्याबरोबर हा एक कागद, म्हणजे सारं रीतसर. कागदाला कोणाचा आक्षेप असणार? भटजीची दक्षिणा, सुपारी, हळकुंड, तसाच तोही. गुरुजी ओट्यावर बसून दुपारभर लिहीत होते. वळणदार, टपोरं अक्षर. संध्याकाळी त्यांनी एकेकाला वाचून दाखवलं. ‘ताबा’ या शब्दाशी त्यांची जीभ दर वेळी किंचित थांबत होती. दूध उतू घालणं वेगळं आणि ताबा वेगळा, हे त्यांना ठाऊक होतं. वाचनालयातल्या कायद्याच्या एका जुन्या पुस्तकात त्यांनी या शब्दावर तीन पानं वाचली होती. विचारावं का? पण भगवंतराव मोठमोठी कामं केलेला माणूस, आणि आपण चौथीचे मास्तर. आपल्याला शंका येते म्हणजे शंकेतच काही चुकत असणार, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. समोर बसलेली माणसं मान हलवत होती. भाजी विकणारी रुखमाबाई तर हात जोडून ऐकत होती, पोथी ऐकावी तशी.

आणि त्याच संध्याकाळी डोणगावहून पोस्टकार्ड आलं. कोपरा फाडलेलं. त्यांचा चुलत चुलतभाऊ रामराव वारला होता. गुरुजींनी कार्ड उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलं आणि रीतीप्रमाणे तिथेच फाडून टाकलं. रामरावाला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. डोणगावच्या भाऊबंदांशी त्यांच्या वडिलांनीच बांधावरून संबंध तोडले होते; रामरावाचा बाप मेला तेव्हा या घरात कोणी डोक्यावरून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तरी गुरुजी आत आले आणि म्हणाले, ‘सुतक आहे.’

त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई उद्यासाठी पुरण वाटत होत्या. पाट्यावरचा हात थांबला. ‘कोणाचं?’

‘डोणगावच्या रामरावाचं.’

‘डोणगाववाल्यायचं आपण कधी पाळलं?’

‘नातं आहे ना. धरायचं तर दहा दिवस.’

‘धरायचं तर,’ त्या म्हणाल्या. ‘काऊन पण? आताच काऊन?’ गुरुजी हातपाय धुवायला मोरीकडे गेले. तसं कारण काही नाही, असं ते त्या वेळी स्वतःला म्हणाले. मेलेल्या माणसाबद्दल अचानक माया वाटू शकते. वय झालं की भाऊबंदकी आठवते. असं काहीही असू शकतं. दुसऱ्या दिवशी चौदा घरांत दूध उतू गेलं, चौदा बायांच्या ओटीत किल्ल्या पडल्या, चौदा सह्या आणि अंगठे झाले. गुरुजी सुतकी म्हणून रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली उभे राहून पाहत होते. पंधरावी किल्ली भगवंतरावने परत खिशात टाकली. ‘तुमचं जेठात करू गुरुजी, चांगला दिवस पाहून,’ तो म्हणाला. जेठ लागण्याआधीच त्याचं दिवाळं वाजलं, आणि एका सकाळी त्याच्या भाड्याच्या खोलीत दप्तर, दोन फावडी आणि एक कंदील एवढंच उरलं होतं.

त्याला आता दोन पावसाळे झाले होते. चिखलात रचलेल्या विटा दोन पावसाळ्यांनी चाटून चाटून बोथट झाल्या होत्या. उकंडरावच्या घराची मागली भिंत पोट आल्यासारखी फुगली होती. तिसरा पाऊस ओळीतली निम्मी घरं घेऊन जाईल, हे कोणीही सांगू शकत होतं. बाकीचे लोक भाड्याच्या खोल्यांतून राहत होते, गुरुजीही. रुखमाबाई मात्र वसाहतीतच राहायला गेली होती. नवरा गेल्यावर तिने भाजी विकून साठवलेलं आणि त्याच्या नोकरीचं मिळालेलं सगळं या भिंतींत घातलं होतं. भाड्याला काही उरलं नव्हतं. तिने एका कोपऱ्यावर पोती शिवून ताणली होती आणि त्याखाली चूल, अंथरूण, वांग्यांची पाटी. गुरुजी तिकडून गेले की ती हाक मारायची, ‘या न जी गुरुजी, घरात या,’ आणि दाराच्या भोकातून आत बोलवायची. भिंतीला इतर ठिकाणी खिंडारं पडली होती, तरी ती स्वतःही कधी त्यांतून आली-गेली नाही.

हरकतीचा अर्ज तिनेच करायला लावला. यादी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी चौदाजण गुरुजींच्या खोलीवर आले; आठजण आत मावले, बाकीचे जिन्यावर उभे राहिले. कोणी मोठ्याने बोललं नाही, तेच गुरुजींना जड गेलं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेला उकंडराव तेवढा दारातल्या खांबाला टेकून, दात कोरत म्हणाला, ‘एक गोष्ट मानली पाहिजे बाप्पा. गुरुजीचे भाऊबंद मरतात, पण वक्तावर मरतात.’ जिन्यावर कोणी तरी हसलं. ‘आमचे साले लग्नाच्या दिवशी मरतात अन् जेवणं वाया घालवतात.’

‘गप रे उकंड्या,’ रुखमाबाई म्हणाली. ‘मरणाले हासू नये. गुरुजीच्या मनात पाप असतं त आपले अर्ज काऊन लिवले असते? तुले लिवता येते काय?’

‘मले नाई येत. म्हणून त फसलो.’

‘तुमी सांगा साह्यबाले,’ रुखमाबाई गुरुजींकडे वळून म्हणाली. ‘आमी मुहूर्ताचा कागद म्हणून आंगठा देल्ला. घर भेटलं म्हणून नाई. आमचं कोण ऐकते? तुमचं आयकतीन. तुमचं अक्षर हाये.’

गुरुजी ‘हो’ म्हणाले. ते म्हणताना त्यांना खरंच वाटत होतं, की आपण सांगू. इतकंच नव्हे, तर त्यांच्या मनात एक वाक्य तयार होऊ लागलं: शेजाऱ्यांना मदत मिळाल्याशिवाय मी माझी मदत घेणार नाही. पुढचे चार दिवस ते वाक्य त्यांच्याबरोबर होतं. कधी ‘घेणार नाही’च्या जागी ‘स्वीकारणार नाही’ येई, कधी ‘मी’ पुढे येई, कधी मागे जाई. गावच्या वाचनालयाचं काम तेच पाहत; तिथे वर्तमानपत्रांच्या फायली लावताना ते पुटपुटत. वाक्य छान झालं होतं. पण दुपारी पडल्या पडल्या, डोळे मिटले की त्याच्याखालून दुसरंच काही वर येई. डोणगावचं कार्ड आलंच नसतं तर आपण सही केली असती का? कार्ड हातात पडल्याबरोबर छातीत जे हललं ते काय होतं? दुःख नव्हतं. सुटल्यासारखं होतं. शाळा तपासनीस येणार असावा आणि त्या दिवशी नेमकी पोटात तिडीक उठावी, रजेचा अर्ज करावा, तसं. स्वतःला संशय आला होता, म्हणून स्वतःपुरती वाट काढली. आणि ती वाट काढली हेही स्वतःला कळू दिलं नाही. की हे सगळं आता मागाहून रचलेलं? त्यांना ठरवता येईना. ज्या मनाने तपासायचं, तेच मन आरोपी. पुस्तकांतून त्यांनी थोरांचे पश्चात्ताप वाचले होते. ते सगळे मोठ्या पापांचे होते. आपलं पाप एवढं बारीक, की ते पाप आहे की नाही याचीच खात्री नाही, या विचाराने त्यांना आणखी लाज वाटे.

सुनावणीच्या सकाळी अन्नपूर्णाबाईंनी त्यांना धुतलेला सदरा दिला. गुरुजींनी भीत भीत ते वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. ‘बत्तीस वर्सं,’ त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या नळाले मी घागर लावून राह्यली. मालकीण म्हणते, आता बंद करा, का मी घागर अर्धीच उचलते. मी तुमाले कधी काई म्हटलं?’

‘नाही.’

‘सुतकाचं विचारलं? एकदा विचारलं. मंग विचारलं?’

‘नाही.’

‘मंग आता तुमी त्या साह्यबाले काय सांगाचं ते सांगा. त्यायचं भलं होत असंन त करा, मले बरंच वाटंन. पण नको म्हणू नका. तेवढं नका करू.’ आणि त्या सदऱ्याची बटणं लावू लागल्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. गुरुजी लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे राहिले.

नायब तहसीलदार तरुण होता, पुण्याकडचा, बोलायला मऊ. त्याने गुरुजींना खुर्ची दिली. टेबलावर चौदा पावत्या सुतळीने बांधलेल्या होत्या. मागे टाइपरायटर बंद होता. कारकून हाताने लिहून घेत होता.

‘हे अक्षर तुमचं?’

‘हो.’

‘चौदाही?’

‘हो.’

‘सुरेख आहे,’ तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. गुरुजींना नेहमीसारखा संकोच वाटला, आणि संकोचाच्या तळाशी नेहमीसारखं सुख. ‘सह्या करण्यापूर्वी वाचून दाखवलं होतं?’

‘हो. प्रत्येकाला.’

‘हं.’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘गुरुजी, मी ती घरं पाहून आलोय. छप्पर नाही, दार नाही. याला ताबा म्हणणं म्हणजे थट्टाच आहे. पण कागद म्हणतो समाधानपूर्वक. या कागदाच्या पलीकडे जायला मला एक जबाब लागतो. या लोकांनी हा मुहूर्ताचा कागद समजून सह्या केल्या, घर पूर्ण मिळालं असं त्यांच्या मनातही नव्हतं, एवढं तुम्ही सांगितलंत, तर मी चौदा नावं शिफारशीने वर पाठवतो. बुलढाण्याला, जिल्हा कचेरीत, नाही म्हणणार नाहीत.’

एकच वाक्य. आणि ते खरं होतं. गुरुजींना रुखमाबाईचे जोडलेले हात दिसत होते. वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही. पण त्या वाक्याच्या मागे, दारामागे माणूस उभा असावा तसा, पुढचा प्रश्न उभा होता: आणि तुम्ही? तुम्हाला काय समजलं होतं? समजलं होतं, तर बोलला का नाहीत? सगळ्यांनी सही केली, तुम्ही का नाही केली? तहसीलदाराने ते विचारलं नव्हतं. कदाचित विचारणारही नव्हता. त्याचे डोळे स्वच्छ होते, वाट पाहत होते. बाहेर कोणी तरी खोकलं.

‘दुसऱ्याच्या मनात काय होतं,’ गुरुजी म्हणाले, ‘ते मी निश्चित कसं सांगणार?’

‘तुम्ही तिथे होतात. त्यांना ओळखता.’

‘ओळखतो. बहुधा तसं असावं.’

‘बहुधा मला लिहिता येत नाही, गुरुजी.’ तो जरा पुढे वाकला. ‘नीट आठवा. घाई नाही.’

घाई नव्हती. तेच कठीण होतं. त्याने दरडावलं असतं तर कदाचित तोंडून निघून गेलं असतं. गुरुजींना एकाएकी सत्याबद्दल फार काटेकोर व्हावंसं वाटलं. चौदा माणसं, चौदा मनं, कोणाला किती कळलं, उकंडराव तर हुशार आहे, निदान त्याला तरी थोडं कळलं असेल, मग ‘या लोकांनी’ असं सरसकट कसं म्हणावं? हा प्रामाणिकपणा त्यांना इतका ओळखीचा वाटला, की त्याच्या आड ते सहज जाऊन उभे राहिले. बाभळीखाली उभे होते तसे.

‘निश्चित सांगता येत नाही,’ ते म्हणाले.

तहसीलदाराने खाली ठेवलेलं पेन उचलून खिशाला लावलं. मग कारकुनाला म्हणाला, ‘लिहा. मजकूर सर्वांना वाचून दाखवला होता. त्यांना अर्थ समजला होता किंवा नाही, हे साक्षीदार निश्चित सांगू शकत नाही.’ कारकुनाचं अक्षर वाईट होतं. गुरुजींनी खाली सही केली. तहसीलदाराने पावत्यांच्या गठ्ठ्यावर तो जबाब ठेवून सुतळी पुन्हा बांधली आणि गठ्ठा खालच्या खणात टाकला. आता त्याचा आवाज पहिल्यासारखा मऊ नव्हता, फक्त सभ्य होता. ‘तुमचं काम मंजूर आहे. पंधरवड्यात गवंडी येतील, पावसाच्या आत पत्रे चढतील. इथे सही, आणि इथे.’ वाक्य तयार होतं. चार दिवस घासून लख्ख केलेलं. गुरुजींनी तोंड उघडलंसुद्धा. पण कारकुनाने टाक पुढे केला होता, आणि पुढे केलेला टाक घ्यावा, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मंजुरीच्या कागदाची घडी त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. तहसीलदार दुसऱ्या फायलीत पाहत होता.

बाहेर कडुनिंबाखाली रुखमाबाई आणि अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. बाकीचे आपापल्या कामाला गेले होते. बायांनाच तेवढा वेळ काढता आला होता. रुखमाबाई अर्धी उठली. ‘सांगतलं न जी?’

‘सांगितलं.’

‘काय म्हणे मंग?’

‘वर पाठवतील. बुलढाण्याला.’ गुरुजींना वाटलं आवाज कापेल. तो कापला नाही. ‘वेळ लागेल थोडा. आपलं काम झालं समजा.’

‘पावसाच्या आत होईन न पण?’

‘होईल.’

इतकं निश्चित ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्या छातीकडे, खिशाच्या जागी, पाहिलं आणि मान वळवून कचेरीच्या कौलांकडे पाहत राहिल्या. रुखमाबाई खाली बसली. बसताना तिने दोन्ही हात जमिनीला टेकले, आणि तसेच थोडा वेळ टेकून ठेवले. ‘मले भेव होतं,’ ती म्हणाली, ‘का साह्यब तुमाले फिरवून फिरवून विचारंन, अन् तुमी भोळे माणूस. उकंड्याले मी काल तेच म्हटलं. म्हटलं, गुरुजीले खोटं बोलता येत नाई, हेच आपल्या कामी येईन.’ मग तिने फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी होत्या, मिरचीचा ठेचा, दोन कांदे. तिने कांदा मुठीने फोडला आणि भाकरीवर ठेचा घालून ती गुरुजींच्या पुढे केली. ‘खा. सकायपासून पोटात काई नसंन तुमच्या. तोंड पाहा कसं झालं.’

नको म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. घास उतरणार नाही, असं त्यांना वाटलं; निदान तो उतरू नये. त्यांनी तुकडा मोडला. भाकर अजून मऊ होती, ठेच्यात लसूण सढळ होता. त्यांना भूक लागली होती. ते खाली मान घालून खात राहिले, आणि पहिली भाकर संपली तेव्हा त्यांनी न बोलता हात पुढे केला. रुखमाबाईने हसून त्यावर आणखी अर्धी ठेवली.